बरणी संपायच्या आत

मुलांनो, एक स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. फार मोठं नको. दोघं एकदम ओट्यापाशी उभे राहिले तर एकाचं कोपर दुसऱ्याला लागेल, एवढंच. ओट्याच्या वर लाकडी फळी आहे. फळीवर डबे आहेत आणि डब्यांच्या शेजारी एक मोठी काचेची बरणी. तिला झाकण नाही, तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं आहे. आत कोऱ्या चहापेक्षा थोडं फिकट असं काहीतरी भरलेलं दिसतंय. आता त्या फडक्यापाशी नाक न्या. जरा जपून. आलं ना डोळ्यांत पाणी? ते व्हिनेगर.

ते कुठल्या दुकानातून आणलेलं नव्हतं. या घरातली आई सफरचंदाच्या साली कधी टाकत नसे. साली बरणीत, त्यावर साखरेचं पाणी, वर फडकं. मग आठवडेच्या आठवडे वाट पाहायची. गोडाचं हळूहळू आंबट होतं. घाई केली तर काहीच होत नाही. तयार झालं की ती ते गाळून ठेवी आणि जेवताना काकडीवर त्याचा एक चमचा शिंपडी.

आईला कामासाठी दूरच्या शहरात जावं लागलं. तिथल्या एका अंथरुणाला खिळलेल्या आजींची शुश्रूषा करायची होती. निघायच्या सकाळी तिची मुलगी दाराला पाठ लावून उभी राहिली, म्हणजे दारच उघडता येऊ नये. या मुलीला घरात सगळे मुंगी म्हणत, कारण ती सारखी काहीतरी इकडचं तिकडे नेत असे. आईने तिला कडेवर घेऊन फळीपाशी नेलं. मुंगी आता कडेवर घेण्याएवढी लहान नव्हती, पण त्या दिवशी दोघींनीही ते मनावर घेतलं नाही.

"ही बरणी बघितलीस?" आई म्हणाली. "काठोकाठ आहे. ही संपायच्या आत मी येते."

मुंगीने बरणीकडे बघितलं, मग आईकडे. "नक्की?"

"नक्की."

आईने तिला खाली उतरवलं, आणि मुंगी पुन्हा दारात जाऊन उभी राहिली नाही.

हे दोघींमधलं बोलणं. बाबा तेव्हा खाली बॅगा ठेवत होते. त्यांच्या कानावर ते गेलंच नाही, आणि मुंगीनेही सांगितलं नाही. असल्या गोष्टी कुणी बोलून दाखवत नाही.

बाबा बस चालवत. आई गेल्यापासून त्यांच्या जेवणाला ताळतंत्र राहिलं नव्हतं. दुपारी डेपोच्या कँटीनमध्ये मिळेल ते तळलेलं, आणि संध्याकाळी घरी येताना कागदात बांधलेलं आणखी काही. मुंगीला वाढून ते समोर बसत आणि खात राहत. घर फार शांत असलं की माणसाला भूक किती लागली आहे ते नीट कळत नाही. व्हायचं तेच झालं. पोट सुटलं, करपट ढेकर येऊ लागले आणि गणवेशाच्या बटणांनी एकेक करून राजीनामे दिले.

बाबांच्या बसवरचे कंडक्टरकाका रोज पहाटे त्यांना न्यायला घरी येत. त्यांच्या जिभेला हाड नव्हतं.

"मुंगे, तुला माहीत आहे का," ते म्हणाले, "आमच्या ड्रायव्हरसाहेबांना हॉर्न वाजवायला हात लागत नाही. जरा पुढे सरकले की झालं."

"हस, हस," बाबा म्हणाले. "तपासणीच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलंय. कमी करा म्हणाले."

"मग कर की. रोज सकाळी उपाशीपोटी अर्धा पेला व्हिनेगर पी. परवा मागच्या सीटवरच्या बाई सांगत होत्या. चरबी वितळते म्हणे, आणि खाल्लेलं लोखंडसुद्धा पचतं."

"कशावरून?"

"अरे, करपलेल्या पातेल्याचा डाग जातो त्याने. मग तुझ्या पोटाची काय कथा?"

बाबांना ते पटलं. एकाच वेळी दोघांची नजर फळीकडे गेली. बाबांची आणि मुंगीची.

दुसऱ्या दिवशी बाबांनी नाक चिमटीत धरलं आणि अर्धा पेला घशाखाली उतरवला. त्यांचे डोळे असे काही झाले की मुंगीला एरवी हसू आलं असतं. पण ती बरणीकडे बघत होती. इतके दिवस चमचा चमचा करून ती जेमतेम गळ्यापर्यंत उतरली होती. आता एका घोटात बोटभर खाली.

"बाबा, ते पिऊ नका ना."

"का गं? औषध आहे ते."

"ते काकडीचं आहे."

बाबा हसले आणि तिच्या डोक्यावर टपली मारून कामावर गेले.

आठवड्याभरात बरणी अर्ध्यावर आली. मुंगीने ती पिठाच्या डब्यामागे लपवली. बाबांना ती सापडली. ती कपाटात ठेवली, तर वासानेच सापडली. आई रोज संध्याकाळी फोन करी, पण येण्याबद्दल विचारलं की "बघते हं, राणी" म्हणे. बरणी मात्र बघत नव्हती. तिचं उतरणं चालूच होतं.

मग मुंगीला एक युक्ती सुचली. बाबा पेला विसळून निघून गेले की ती स्टुलावर चढे, फडकं सोडी आणि बाबा जेवढं प्याले असतील तेवढंच पाणी बरणीत ओती. बरणी होती तिथेच. दुसऱ्या दिवशीही तिथेच. शाळेत जाताना मुंगीला रस्ता एकदम छोटा वाटला.

तिकडे बाबांची छाती फुगली. "पहिल्यांदा अंगावर काटा यायचा," ते कंडक्टरकाकांना म्हणाले. "आता बघ, गटागट पितो. सवयीने सगळं जमतं."

"जमतंय ते दिसतंय," काका त्यांच्या पट्ट्याकडे बघत म्हणाले. "पण तुझी ही बरणी आहे की अक्षयपात्र? ती कमी होईना आणि पोटही कमी होईना."

मुंगी मान खाली घालून बुटाची नाडी बांधत बसली. ती आधीच बांधलेली होती.

इथे थोडं थांबू या. व्हिनेगर वर्षानुवर्षं का टिकतं, ठाऊक आहे? त्याचा आंबटपणा हाच त्याचा पहारेकरी. तो जागा असेपर्यंत बुरशीची आत पाऊल टाकायची हिंमत नसते. पण रोज पाणी घालत गेलं, की पहारेकऱ्याला पेंग येते. मुंगीला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. तिला वाटलं होतं, आपण बरणी जपतोय.

एका सकाळी बाबा उठायच्या आत मुंगीने बघितलं, तर फडक्याखाली हिरवट करडी लव दिसली. मुंगीने ती चमच्याने काढून टाकली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, जास्त दाट. तिसऱ्या दिवशी सुट्टी होती आणि मुंगीच्या आधी बरणी बाबांनीच उघडली.

"अरेरे. हे तर नासलं," ते म्हणाले आणि बरणी उचलून मोरीकडे वळले.

मुंगी धावली. तिने दोन्ही हातांनी बरणीला मिठी मारली. "ओतू नका."

"अगं, बुरशी आली आहे. सोड, पडेल."

"ओतलं की ती संपेल. आणि संपली तर आई येणार नाही."

बाबांचा हात थांबला. त्यांनी बरणी सावकाश जमिनीवर ठेवली आणि स्वतःही तिच्या शेजारी बसले. मग मुंगीने सगळं सांगितलं. दारापाशी उभं राहिलेलं, कडेवर घेतलेलं, आईने म्हटलेलं, आणि रोजचं ते पाणी. सांगताना तिला हुंदका आवरेना.

"म्हणजे मी इतके दिवस पाणीच पीत होतो," बाबा म्हणाले.

मुंगीने मान डोलावली.

"तरीच गटागट." ते किंचित हसले. मग बराच वेळ बरणीच्या काचेवरून अंगठा फिरवत राहिले. "मी का पीत होतो, सांगू? डॉक्टरांचं निमित्त झालं. आई निघाली तेव्हा मी कसा होतो, आठवतं ना? ती येईल तेव्हा मला तसंच दिसायचं होतं. तिला वाटायला नको, की आपण नसताना यांचं काहीच धड राहिलं नाही."

त्या दिवशी संध्याकाळची वाट न बघता त्यांनीच आईला फोन लावला. आईचा चेहरा पडद्यावर आला, मागे आजींची खाट आणि औषधाच्या बाटल्या. बाबांनी सगळं सांगितल्यावर ती आधी खूप हसली. मग तिने पदर तोंडाला लावला.

"उपाशीपोटी अर्धा पेला?" ती म्हणाली. "अहो, घसा जळतो त्याने, दात झिजतात. पातेल्याचा डाग आणि पोट एकच असतं का? कंडक्टरभाऊजींना म्हणावं, तुम्ही तिकिटंच फाडा. संध्याकाळचं ते तळलेलं बंद करा आणि डेपोपर्यंत चालत जा."

"आई," मुंगी मध्येच म्हणाली, "तू कधी येणार?"

"आजींना सोडून इतक्यात नाही निघता येत, राणी. हा हिवाळा तर इथेच जाईल."

"मग तू बरणी का म्हणालीस?"

आईने फोन चेहऱ्याजवळ आणला. "तू तारीख विचारत होतीस, आणि तारीख मलाच माहीत नव्हती गं. बरणी मात्र माहीत होती. तेव्हा काठोकाठ होती ना, मला वाटलं, पुरेल."

मुंगीने नाक पुसलं. "ते करायला किती दिवस लागतात?"

"पुष्कळ. आणि मध्ये मध्ये ढवळावं लागतं."

फोन ठेवल्यावर बाबांनी बरणी उचलली. मुंगीने खालून हात लावला. दोघांनी मिळून ती मोरीत रिकामी केली आणि गरम पाण्याने धुऊन उन्हात पालथी घातली.

मग मुंगीने काय केलं, सांगतो. फळांच्या टोपलीत होती तेवढी सफरचंदं तिने स्वच्छ धुतली. बाबांना समोर बसवून साली काढायला लावल्या. साली तिने बरणीत टाकल्या आणि सोललेल्या फोडी ताटलीत घालून बाबांपुढे सरकवल्या.

"साली बरणीच्या, फोडी तुमच्या," ती म्हणाली. "संध्याकाळी हेच खायचं. कागदातलं आणायचं नाही."

"बरं, मुंगीबाई."

तिने साखरेचं पाणी ओतलं, फडकं बांधलं आणि बरणी फळीवर होती तिथेच ठेवली. त्या दिवसापासून कंडक्टरकाका पहाटे दारात आले की बाबा बूट घालून तयार असत, आणि ते दोघं कुरकुरत चालत डेपोकडे निघत. जिन्यावरचे त्यांचे आवाज विरले की मुंगी स्टुलावर चढे, फडकं सोडी, लाकडी चमच्याने एकदा ढवळी आणि वाकून वास घेई.

अजून गोडच होतं. तिने फडकं परत बांधलं.