बुजवलेले भोक

मित्रांनो, मी एक जुनी मधपेटी आहे. आजवर खूप उन्हाळे-पावसाळे पाहिले, एकदा तर गाढवाची लाथही खाल्ली. पण या हिवाळ्यात जे घडले, त्याने मी अजून सुन्न आहे.

मला एका सुताराने आपल्या धाकट्या बहिणीसाठी बनवले. मधमाश्या म्हणजे तिचा जीव की प्राण! झाकणाच्या जरा खाली त्याने करंगळी जाईल एवढे एक भोक पाडले.

"हे बुजवू नकोस हं, पेटी घुसमटेल," तो म्हणाला.

"दादा, तुझा हात चुकला असणार, आणि आता मलाच शहाणपण शिकवतोस!" ती हसली.

नऊ वर्षे आमचे छान चालले. हिवाळ्यात माश्या एकमेकींना बिलगून बसत, तेव्हा ती मला उघडत नसे. रोज सकाळी बोटाने टकटक करायची आणि फळीला कान लावायची. आतून गुणगुण ऐकू आली, की निश्चिंत होऊन कामाला लागायची.

या वर्षी मात्र हवेला वेड लागले. ऐन हिवाळ्यात आठवडाभर असे ऊन पडले, की माश्या बाहेर भिरभिरू लागल्या. राणीने अंडीही घातली. मग एका दुपारी वारा फिरला आणि अंगणातल्या बादलीत बर्फ जमला. माझ्या मालकिणीच्या बाकीच्या पेट्या आधीच ओस पडल्या होत्या. उरले होते ती मी एकटी. तिच्या तोंडचे पाणी पळाले. तिने मला ब्लँकेट गुंडाळले, वर प्लास्टिक बांधले आणि भोकात चिंधीचा बोळा कोंबला.

मलाही बरे वाटले, खोटे कशाला बोलू? पण माश्यांच्या उबेची वाफ वर येऊन माझ्या गार झाकणाला लागली. तिचे पाणी झाले आणि थेंब खाली पडू लागले. मित्रांनो, मी त्यांचे घर, आणि मीच त्यांना भिजवत होते! मला काही केल्या थांबता येईना.

चौथ्या सकाळी टकटक झाली. आत आवाज नाही. तिने पुन्हा केली. मग झाकण उघडले. तळाशी ओल्या माश्यांचा थर होता. एकही हलत नव्हती. वरच्या चौकटींत मध मात्र जसाच्या तसा!

सुतार धावत आला.

"दादा, एवढं पांघरूण घालूनसुद्धा थंडीने गेल्या रे सगळ्या!"

त्याने झाकणाच्या आतून बोट फिरवले आणि ते ओले बोट तिला दाखवले. मग बोळा ओढून काढला.

"मला खरंच वाटलं होतं, तुझा हात चुकलाय," ती कशीबशी म्हणाली.

मित्रांनो, थंडीत आम्हाला ऊब जरूर द्या, पण आतल्या वाफेला वाट ठेवा. माझी एवढीच विनंती आहे.

ती अजूनही रोज सकाळी येते. भोक मोकळे आहे ना, ते करंगळी घालून पाहते. मग टकटक करते आणि फळीला कान लावते. मी रिकामी आहे हे तिला माहीत आहे. तरी ती बराच वेळ ऐकत राहते.