पंपघरातल्या डब्याचं दार

“काय बे डब्या, जित्ता हायस का मेला?”

हा प्रश्न मला कोकिळानं विचारला. मैत्रिणींनी तिच्याशी पैजच लावली होती. “विचार नं कोकिळे, भेली का?” असं म्हणत तिघी दाराशी खिदळत होत्या, आणि ही आपली कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी!

मित्रांनो, मला तोंड असतं तर तिथंच ओरडलो असतो, की जिवंत आहे गं बाई! अमडापूरजवळच्या एका गावच्या पंपघरातला मी छोटासा संगणक, पत्र्याच्या डब्यात बसवलेला. ठरल्या वेळी विहिरीवरची मोटार चालू करायची, ठरल्या वेळी बंद करायची, हेच माझं काम. मला ना बटणं, ना पडदा. वेळा बदलायच्या असल्या की खामगावचे साहेब तिथूनच, फोनच्या जाळ्यातून, नाव आणि पासवर्ड देऊन माझ्यात शिरत. त्या वाटेला मी माझं दार म्हणतो.

नवा होतो तेव्हा काय थाट होता माझा! गावातल्या रुक्मिणीबाईंनी मला हळदकुंकू वाहिलं. कोकिळाचे वडील इंद्रभान पंप सांभाळत; ते रोज खांद्यावरच्या दुपट्ट्यानं मला पुसायचे. लाइट गेली तरी शेजारच्या बॅटरीवर मी जागाच असायचो.

उन्हाळ्यात शेजारच्या जानरावांच्या मुलीची हळद आली. त्या रात्री लाइट गेली, मांडवात उजेड हवा म्हणून इंद्रभाननं माझी बॅटरी काढून दिली आणि मी बंद पडलो. लग्नघराला आमच्याकडे कोणी नाही म्हणत नाही. सकाळी ती परत आली आणि मी जागा झालो. मोटारीच्या वेळा मला आठवल्या, पण दार उघडायचं मला माहीतच नव्हतं. बसवताना साहेबांनी ते आपल्या हातानं उघडलं होतं. जागं झाल्यावर दर वेळी तूच उघड, हे मला शिकवायचं राहून गेलं होतं.

त्याच सकाळी, मोटारीची वेळ व्हायच्या आधी, विहीर आटत आलेली दिसली. इंद्रभाननं फोन केला, “साहेब, मोटारीचा टाइम कमी करा.” साहेबांनी खूप हाका मारल्या. मला एकही ऐकू आली नाही. “डबा मेला वाटतं,” ते म्हणाले. “म्हणजे मोटार चालूच होणार नाही. काळजी करू नका, मी येतो.”

त्या भरवशावर इंद्रभान आजारी बहिणीला बघायला वरवट बकालला गेले. आणि मी, त्या मेलेल्या डब्यानं, वेळ होताच मोटार चालू केली. विहिरीतलं उरलंसुरलं पाणी लगेच संपलं. मोटार जळाली. मला थांब म्हणायला कोणी आतच येऊ शकत नव्हतं.

गाव टँकरमागं धावू लागलं. म्हातारी गोजरबाई हंड्यासकट पडली. “हळदीले बॅटरी देल्ली, म्हून झालं हे,” लोक म्हणाले. इंद्रभाननंही ते खरं मानलं. त्यांनी मला पुसणं सोडलं. पुण्यात वॉचमनची नोकरी धरली, उद्याच निघणार होते.

त्या पैजेच्या दिवशी कोकिळा माझ्यासमोर उभी होती, तेवढ्यात साहेब लॅपटॉप घेऊन आले. मागून इंद्रभान आणि कोकिळाची आई सिंधूताई. साहेबांनी वायर जोडली. माझ्या आतल्या नोंदी एकेक करून वाचल्या.

“इंद्रभान, हा मेला नव्हता,” ते हळूच म्हणाले. “लॉगिन आपोआप चालू व्हावं, हे लावायचं मीच विसरलो. बॅटरी आज ना उद्या उतरलीच असती. तुमचा दोष नाही.”

त्यांनी ते लावलं. मला बंद करून पुन्हा चालू केलं. दार उघडलं हो! पण विहिरीवर आता मोटार कुठं होती?

“हे लोकाइले सांगान का, साहेब?” सिंधूताईनं विचारलं.

साहेब वायर गुंडाळत राहिले.

“जाऊ दे वं,” इंद्रभान म्हणाले. “त्याइलेबी लेकरंबाळं हायत. मी तं उद्या चाल्लोच.”

मित्रांनो, माझ्यासारखं यंत्र लावाल तेव्हा एकदा बंद करून, पुन्हा जागं करून, हाक मारून बघा. आणि ओ आली नाही म्हणून लगेच मेलं म्हणू नका, जवळ या.

दाराशी आता कोणी हसत नव्हतं. कोकिळा वडिलांसमोर जाऊन उभी राहिली.

“बाबा, आई, आयका. परवा ग्रामसभा हाय. साऱ्याइसमोर उभी राहून मी सांगणार हावो, का बाबाची चूक नव्हती. बाबा, तुमी उद्या गाडीत बसले तरी सांगणार.”