मुकी पट्टी

रश्मीला सूर दिसायचे. लहानपणी ती हे सांगायची तेव्हा लोकांनी आधी तिचे डोळे तपासायला सांगितले, मग कान. शेजारच्या पार्वताबाईंनी तर पोरीची नजर उतरवा म्हणून मिरच्यासुद्धा आणून दिल्या. इंदूबाई, म्हणजे रश्मीची आई, असल्या भानगडीत पडणाऱ्यांतली नव्हती. तिने त्या मिरच्या सरळ ठेच्यात घातल्या.

रश्मीच्या लेखी सा हळदीसारखा पिवळा होता, रे विटकरी, आणि ग हरभऱ्याच्या कोवळ्या घाट्यांसारखा हिरवा. पंचम निळा, वर त्याला कैरीची आंबट चव. नी तर सराट्यासारखा तळपायात टोचायचा. ढोलकी वाजायला लागली की ती कानाआधी पोटात पोचायची. आता चौतिसाव्या वर्षी ती अमरावतीला राजापेठेतल्या एका शाळेत चित्रकला शिकवत होती आणि यातलं अवाक्षर कोणाजवळ काढत नव्हती. बाईंना सूर चाखता येतात असं कळलं, तर पालक पोरांना दुसऱ्या शाळेत घालतील, ही तिची साधी भीती होती.

घरात गाणं होतं ते बाबांमुळे. धर्मपाल एसटीत कंडक्टर होते. दिवसभर अकोला-बाळापूर गाडीत घंटी ओढायची आणि घरी आलं की पेटी ओढायची, असा त्यांचा नेम. वस्तीत त्यांचं भीमगीतांचं मंडळ होतं. चाली ते स्वतः बांधायचे आणि त्या लिहून ठेवा असं कोणी म्हटलं की हसायचे. आपण काही इतक्यात मरत नाही, असं म्हणायचे. मेले नाहीत हे खरं. पण दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, त्यासोबत वाचा गेली, आणि सगळ्या चाली आतल्या आत कोंडल्या गेल्या. तेव्हापासून ते पेटीकडे पाहतसुद्धा नसत. कोणी तिच्यावरचं कापड उचललं की मान भिंतीकडे वळवायचे. शेवटी इंदूबाईने पेटी खाटेखाली सरकवून दिली.

यंदाच्या एप्रिलात तिनेच ती बाहेर काढली. रश्मी शनिवारची दुपारची गाडी धरून अकोल्याला आली होती. तिच्या हातात पाण्याचा पेला देत आई म्हणाली, "बुद्धपौर्णिमेले विहारात मी माह्यं गाणं म्हणीन. तुह्ये बाबा समोर बसतील. त्याइच्या कानावर एकदा पडू दे, मग मले काही नाही पाहिजे."

आईचं म्हणून असं एकच गाणं होतं. सत्तावीस वर्षांपूर्वी इंदूबाई साक्षरता वर्गात जाऊन आपलं नाव लिहायला शिकली, त्या आठवड्यात तिने ते रचलं होतं: 'पाटीवरती नाव माह्यं, माह्या हातानं लिवलं.' बाबांनी चाल बांधली. ती मंडळाने एक उन्हाळाभर म्हटली. मग कोणाची बदली झाली, कोणी पुण्याला गेलं, मंडळ फुटलं आणि गाणं मागे राहिलं. इंदूबाईला शब्द न् शब्द पाठ होता. चाल मात्र पार गेली होती. आठवायला बसली की दुसऱ्याच कुठल्या तरी गाण्याची चाल तोंडात यायची आणि ती चिडून उठायची. ज्याला ती येत होती तो माणूस खाटेवर पडून पंख्याकडे बघत होता. त्याच्या कानावर ती पडावी एवढंच तिचं मागणं होतं, आणि पौर्णिमेला जेमतेम सोळा दिवस उरले होते.

चाल कुठेतरी उरली असेल तर ती कॅलेंडरांच्या मागे. सात वर्षांची रश्मी तालमीच्या वेळी आईच्या पाठीला पाठ लावून बसायची आणि जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर रंगीत खडूंनी पेटीचे सूर काढायची. सूर लांबला की पट्टा लांब, जोरात आला की जाड, आणि खाली ढोलकीचे काळे ठिपके. लोक त्याला गिरगोट्या म्हणायचे. बाबांनी मात्र एकही कागद टाकू दिला नव्हता. आईने ट्रंकेतून ती गुंडाळी काढली, रश्मीने कागद फरशीवर पसरला आणि तिच्या तोंडात एकदम कैरीचं पाणी सुटलं. पंचम होता तो.

पेटी वाजवता येत नसली तरी तिला पट्ट्यांची ओळख होती. पट्टी दाबली की रंग उमटत होता, तो कागदावरच्या रंगाशी जुळवायचा, एवढंच काम. एका बोटाने ती वाजवू लागली. पहिल्या ओळीला आईचे डोळे मोठे झाले. दुसऱ्या ओळीच्या सुरवातीला, जिथे पहिलाच शब्द 'माह्या' होता, तिथे कागद कोरा होता. चांगली चार बोटं जागा, आणि त्यावर काही नाही.

"धैवताची पट्टी मुकी हाये," आई म्हणाली. "पयलेपासूनच. आमी तशीच चालवून घेतली."

रश्मीचा जीव भांड्यात पडला. मुकी पट्टी दिसणार कशी, आणि न दिसलेली ती काढणार कशी! म्हणजे इथे धैवत होता. धैवत तिला जांभळा दिसायचा; इतर पेट्यांवर पाहिला होता तिने. आता पेटी नीट केली की झालं. मास्तरीणबाई हुशार खऱ्या, पण त्या कोऱ्या जागेखाली ढोलकीचे ठिपकेही नव्हते, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही. ढोलकी तर मुकी नव्हती.

रविवारी सकाळी ऑटोत पेटी घालून तिने ती कुर्बानचाचांकडे नेली. अकोल्यात पेट्या दुरुस्त करणारे ते जुने कारागीर. त्यांनी पेटी उघडली, आतली धूळ फुंकली, अडकलेली पितळी जिभली सोडवली, घासली, कानाला लावून पुन्हा घासली. उघड्या भात्यातून जुन्या चामड्याचा आणि कापराचा वास आला आणि रश्मीला बाबांचा खाकी सदरा आठवला. चाचा पट्ट्यांवरून बोट फिरवत म्हणाले, "बेटी, बाकीच्या पट्ट्या पाय. घासून घासून खड्डे पडले. अन् हे एक कोरी करकरीत. आता बोलते पाय कशी." त्यांनी दाबली. पट्टी स्वच्छ बोलली. जांभळा रंग जांभळासारखा जिभेवर पसरला आणि रश्मी समाधानाने घरी परतली.

घरी मात्र हे समाधान फार टिकलं नाही. आईने पहिली ओळ म्हटली, रश्मीने दुसरीच्या तोंडाला धैवत धरला, आई त्या सुरामागे गेली, आणि खाटेवरून बाबांचा घोगरा हुंकार आला. त्यांनी मान हलवली. इतके दिवस पेटीचं तोंड न पाहणारा माणूस निदान हालला, याचाच रश्मीला इतका आनंद झाला की नकार कळायला वेळ लागला. तिने पुन्हा वाजवलं, त्यांनी पुन्हा मान हलवली.

पुढच्या दोन शनिवारी हेच चाललं. तिने धैवत आखूड केला, लांबवला, कोमल केला. धैवत सोडून पंचमावरून थेट नीवर गेली. तळपाय दुखेपर्यंत नी वाजवला. प्रत्येक वेळी बाबांची मान, आणि दर वेळी ती अधिक जोरात. आईचा धीर सुटत चालला. राहू दे म्हणाली, मी बिनचालीचंच म्हणून दाखवीन. ती हे हसत म्हणाली आणि लगेच चुलीपाशी गेली. रंग दिसणाऱ्या पोरीचा काय उपयोग, जर आईचं एक गाणं तिला पुरं करता येत नसेल, असं रश्मीच्या मनात आलं.

तिसऱ्या रविवारी, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, तिने शेवटचं म्हणून वाजवायला घेतलं. धैवत लागला तसा बाबांनी डावा हात खाटेच्या कडेवर आपटला. मग ते उठू लागले. दोघी धावल्या. बाबांना धरून खाली, पेटीजवळ, भिंतीला टेकवून बसवलं. रश्मी पुन्हा वाजवायला बसली तशी त्यांनी तिचा भात्यावरचा हात बाजूला केला आणि तिथे आपला डावा हात ठेवला.

पेटीला दोन हात लागतात. एक पट्ट्यांवर, एक भात्यावर. बाबांचा पट्ट्यांवरचा हात गेला होता. भात्याचा होता तसाच होता. दोन वर्षांत हे घरात कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कदाचित त्यांच्याही नाही.

त्यांनी भाता ओढला. रश्मीच्या एका बोटाला पहिल्यांदाच दम आला. पिवळा, विटकरी, हिरवा, तिच्यापुढे रंग असे भरून येत होते की कागदावर पाहायची गरज उरली नाही. 'पाटीवरती नाव माह्यं' पुरं झालं, तिने धैवतावर बोट ठेवलं, आणि बाबांचा हात थांबला.

पट्टी दाबलेली होती. वारा नव्हता. पेटी गप्प झाली.

इंदूबाईचं तोंड उघडं होतं आणि आता मागे जायला कोणता सूर नव्हता. तशीच ती म्हणाली, "माह्या..." धैवत नव्हता तो. तो खूप वरचा, मोकळा सूर होता, आणि साठी उलटलेल्या गळ्याला तो अजून लागत होता. रश्मीला काहीच दिसलं नाही. तिची पाठ मात्र उबेने भरून आली, आणि तिला उमगलं की आईचा आवाज तिने कधी पाहिलाच नव्हता. तो तिला पाठीतून यायचा. म्हणून सात वर्षांच्या पोरीने तिथे कागद कोरा ठेवला होता. तिने काही गाळलं नव्हतं; तिथे पेटी आणि ढोलकी दोन्ही थांबायची आणि एकटी आई गायची.

शब्द संपला आणि बाबांनी भाता पुन्हा ओढला. आई मात्र पुढे गायली नाही. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"मले वाटे, पट्टी मुकी हाये म्हणून तुमी इथं थांबता," ती हळूच म्हणाली. "आता तं पट्टी बोलते. मंग काहून थांबले?"

बाबांनी भाता मिटला, आणि हनुवटीने तिला पुन्हा पहिल्यापासून म्हणायची खूण केली.