गोफणीमागचं आभाळ

पालमच्या बसस्टँडसमोर माधवरावांचा फोटो स्टुडिओ आहे. माधवराव शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, आणि राजनंदिनी त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. सहा महिन्यांपासून ती स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर बसते. तिचं निम्मं काम आभाळ बदलण्याचं. लोक मोबाइलवर फोटो काढतात, माणूस झकास येतो, पण मागचं आभाळ चुना फासल्यासारखं पांढरं येतं. मग म्हणतात, "ताई, निळं टाका. दोन-चार ढग बी टाका."

पहिल्याच दिवशी माधवरावांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक कागद धरला होता. कागदाला मधोमध भोक.

"काय दिसतंय?"

"आठ तारीख."

"बाकीचा महिना कुठं गेला?"

"जाईल कुठं सर? कागदाखाली हाय."

"हेच ते मास्क. फोटोवर असा कागद घालायचा. काळ्या ब्रशनं रंगवलं की खालचा फोटो झाकला जातो, पांढऱ्यानं रंगवलं की उघडा पडतो. झाकलेल्या जागी मागं ठेवलेलं नवं आभाळ दिसतं. मूळ फोटोला ओरखडासुद्धा येत नाही."

राजनंदिनीला ते तेव्हाच समजलं होतं. पण कॉम्प्युटरात खोडरबरही असतं, आणि ते जल्दी चालतं. नको ते सरळ खोडायचं, खाली निळं सरकवायचं, काम खतम. सर दुकानात नसले की ती खोडरबरच घ्यायची. त्यांना कळत नाही असं तिला वाटायचं.

बुधवारी सकाळी कमलबाई फ्रेम न्यायला आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मालकांचं, बन्सीधररावांचं, वर्षश्राद्ध होतं. हुरड्याच्या दिवसांत ज्वारीत मचाणावर उभं राहून ते पाखरं हाकत असताना त्यांच्या मुलानं, आदिनाथनं, मोबाइलवर काढलेला तो फोटो. आता त्यात स्वच्छ निळं आभाळ होतं, खाली भरलेली कणसं होती, आणि मध्ये उजवा हात उंच केलेले बन्सीधरराव.

कमलबाईंनी फ्रेम हातात घेतली. जवळ धरली, लांब धरली.

"पोरी, ह्यांनी हात कशाला वर केलाय?"

"पाखरं हाकायलेत ना मावशी."

"रिकाम्या हातानं?"

राजनंदिनीनं पाहिलं आणि तिचे कान तापले. हाताच्या वर नुसतं निळं होतं.

"गोफण कुठं हाय?" कमलबाईंचा आवाज चढला नव्हता. "गोफण फिरवायले होते ते. आदिनाथनं दाखवला तवा मी बघितली की."

"दोरी बारीक असंल मावशी, आभाळासंगं गेली असंल. पण तुमचे मालक तर छान दिसायलेत—"

"ते दिसायलेत. मी कुठं हाय?" कमलबाई टेकल्या. "माझा अन् त्यांचा मिळून एक फोटो न्हाई. लग्नातला होता, तो भिजून गेला. ती गोफण म्या वळलेली. अंबाडी सोलून, वाख काढून. माझ्या हातचं तेवढंच हाय त्या फोटोत. उद्या सगळी सोयरीधायरी येणार. रिकामा हात वर करून उभे हायत म्हणून दाखवू का?"

राजनंदिनीनं आदिनाथला फोन लावला. मूळ फोटो पाठवता का? आदिनाथ म्हणाला, जुना मोबाइल बिघडला, देऊन टाकला, त्यातलं काहीच राहिलं नाही. "अन् आईला सांगा, एका दोरीसाठी खोळंबू नको म्हणावं."

कमलबाईंना ते ऐकू गेलंच. "त्याला म्हणावं, दोरी तुला वळता येती का, आधी ते सांग."

स्टुडिओत आलेले फोटो दर रविवारी पुसले जात. उरली होती ती राजनंदिनीनं काम केलेली एक फाइल. तिला आठवत होतं, हा फोटो केला त्या दिवशी सर डोळे तपासायला परभणीला गेले होते. म्हणजे ती एकटीच होती. म्हणजे खोडरबर.

माधवराव मागच्या खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. तिनं त्यांच्याकडं पाहिलं.

"सर, मी बहुतेक खोडलंय."

"बहुतेक?"

"तुमी नसलं की मी खोडरबरच घेते."

"माहीत आहे मला," माधवराव म्हणाले. "उघड तर खरं."

तिनं फाइल उघडली. उजव्या बाजूला फोटोचं छोटं चित्र होतं, आणि त्याला चिकटून दुसरं छोटं चित्र, काळंपांढरं. मास्क! क्षणभर तिला कळेना. मग लक्षात आलं. ज्वारीची कणसं! शेकडो कणसांच्या टोकांभोवतीनं खोडरबर फिरवायचा तिला कंटाळा आला होता. कॉम्प्युटरलाच आभाळ निवडायला सांगून तिनं मास्क घातला होता. शहाणपणानं नव्हे, आळसानं.

तिनं मास्क तात्पुरता बंद केला. निळं गेलं, पांढरं आभाळ परत आलं, आणि त्या पांढऱ्यावर ओळखू येईल न येईल अशी फिकट दोरी. वर दगड धरून ताणलेली.

"ती बघा!" कमलबाई उठल्याच.

"मास्क परत चालू कर. आता पांढरा ब्रश," माधवराव म्हणाले, "आणि बारीक घे. मोठा घेतलास तर दोरीबरोबर जुनं आभाळही उघडं पडेल."

पहिल्यांदा तसंच झालं. दोरीच्या दोन्ही अंगांना पांढरी पट्टी उमटली. "हे काय, पांढरा साप?" कमलबाई म्हणाल्या. राजनंदिनीला हसू आलं. तिनं चित्र खूप मोठं केलं. ब्रश दोरीच्या जाडीएवढा बारीक केला. सांडलेली कड काळ्या ब्रशनं परत झाकली. बोटभर लांबीची दोरी उघडायला तिला पाच मिनिटं लागत होती.

"इथं एकच दोरी दिसायली मावशी. दुसरी?"

"दोन्ही एकाला एक लागून असत्यात फिरवताना. खाली बघ, करंगळीत फास असंल. दुसरं टोक अंगठ्यानं दाबलेलं."

फास सापडला. पुसट होता, पण होता.

मधेच एसटी लागली. माधवराव म्हणाले, "कमलबाई, तुमची गाडी."

"जाऊ द्या गुरुजी. मागून दुसरी हाय."

दुपार झाली तेव्हा राजनंदिनी मागं सरकली. निळ्या आभाळावर पिवळसर गोफण आता लख्ख दिसत होती, मूळ फोटोत कधी दिसली नसेल इतकी. मूळचं आभाळ ठेवू का, असंही तिनं विचारून पाहिलं. कमलबाईंनी मान हलवली. "निळंच असू दे. निळ्यावर लांबून बी दिसती."

प्रिंटरनं घरघर सुरू केली. कागद हळूहळू पुढं येऊ लागला. आधी आभाळ आलं, मग दगडानं जड झालेली गोफणीची विणलेली झोळी, मग तिच्याखाली सरळ उतरणारी दोरी. राजनंदिनीनं सवयीनं कागदाला हात लावला.

"ओढू नको," कमलबाई म्हणाल्या. "त्यांना येऊ दे सावकाश."