सासूबाईंच्या नावाचं खोकं

कस्टमच्या दप्तरी माझ्या नावापुढे आधीच दोन शेरे होते, म्हणून मी सासूबाईंचं नाव वापरलं. एका वाक्यात सांगितलं की किती साधं वाटतं! केलं तेव्हाही साधंच वाटलं होतं, हीच तर लाजेची गोष्ट आहे.

मी जुन्या परदेशी गाड्या दुरुस्त करतो. त्यांचे सुटे भाग इथे बनत नाहीत, बाहेरून मागवावे लागतात. नवीन भाग मागवला की ड्यूटी आणि कर मिळून निम्म्या किमतीचा भुर्दंड बसतो. जुना, वापरलेला, घरगुती उपयोगाचा असेल तर मात्र किरकोळात सुटतो. म्हणून आमच्या धंद्यात एक युक्ती आहे. तिला आम्ही चोरी म्हणत नाही, 'माल म्हातारा करणं' म्हणतो. माझा एक दोस्त बाहेर असतो. आम्ही एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलो, तेव्हापासून त्याला सगळे बोल्ट म्हणतात. हा बोल्ट कोरा करकरीत भाग घेतो, त्याला जळकं ऑइल फासतो, वर धूळ चोळतो, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळतो आणि फॉर्मवर लिहितो, 'वापरलेले'. इतकं सफाईने करतो की मलाही एकदा शंका आली होती.

फक्त ज्याच्या नावावर माल येतो, तो माणूस स्वच्छ हवा. आणि सासूबाईंइतकं स्वच्छ नाव आमच्या घरात दुसरं नव्हतं.

माझी मेहुणी परदेशात असते. ती दर दोन महिन्यांनी आईला पार्सल पाठवते. त्यात गुडघ्याचा मलम, चार फोटो, आणि मुलाचे त्याला लहान झालेले कपडे. या नातवाला सासूबाईंनी एकदाच पाहिलंय, तेही पाळण्यात. त्या ते कपडे पलंगावर ओळीने मांडतात, मागच्या खेपेच्या शर्टावर या खेपेचा शर्ट ठेवतात आणि पोरगा किती वाढला ते बोटांनी मोजतात. सहा वर्षांत त्यांचं एकही पार्सल कुणी उघडलं नव्हतं. "माझं खोकं सरळ घरी येतं," असं त्या शेजारणीला सांगायच्या.

"आई, तुमच्या नावावर एक खोकं मागवू का?" मी विचारलं. "जुने भाग आहेत. दोस्ताकडे पडून होते, तो फुकट पाठवतोय."

"त्यात विचारायचं काय, जावईबापू? नावाला काय पैसे पडतात?"

बायको दारात उभी होती. "आईला कशाला मध्ये घालतोस?" ती म्हणाली.

"तुला धंद्यातलं काही कळतं का?" मी खेकसलो. धंद्यातलं न कळणारी माझी बायको माझ्या गॅरेजचे सगळे कागद सांभाळते, हेही सांगून टाकतो.

खोकं अडकलं. पत्र आलं, की ज्यांच्या नावाचा माल आहे त्यांनी ओळखपत्र घेऊन समक्ष यावं. मी ते पत्र दोनदा वाचलं. पण सासूबाई उत्साहात. कडक इस्त्रीची साडी नेसल्या आणि पर्समध्ये दोन धुतलेले रुमाल घडी करून ठेवले. इस्पितळाच्या कपडे विभागात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. चादरीवरचा डाग त्यांना दहा पावलांवरून दिसायचा, आणि दिसला की हात थांबायचा नाही. लग्नात माझ्या कॉलरवरचा डागसुद्धा त्यांनी मंडपातच पुसला होता. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मला त्या दिवशी आठवलं नाही.

पार्सल विभागात एका ओळीत ठोकलेल्या खुर्च्या, एक वजनकाटा आणि मधोमध लांब पत्र्याचं टेबल होतं. टेबलामागे हातमोजे घातलेल्या एक तरुण मॅडम. सासूबाईंनी न विचारताच सांगितलं, "हे माझे जावई. स्वतःचं गॅरेज आहे."

मॅडमनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खोकं कापलं. आत ब्रेकच्या चार डिस्क. काळ्याकुट्ट, तेलकट, बोल्टच्या हातच्या.

"मावशी, हे काय आहे?"

"गाडीचे जुने भाग. जावयांच्या दोस्ताकडे पडून होते."

"नक्की जुने?"

"आमचे जावई सांगतात म्हणजे जुनेच. ते खोटं बोलत नाहीत."

आणि मग त्यांनी नाक मुरडलं. "पण बाई, किती घाण करून पाठवलंय हे! तुमचे हात खराब होतील." असं म्हणत त्यांनी पर्समधला रुमाल काढला आणि वरची डिस्क पुसायला घेतली. मी "आई, राहू द्या" म्हणेपर्यंत अर्धी डिस्क लख्ख झाली होती. एक ओरखडा नाही. मध्यभागी कारखान्याचं चिकटपत्र, त्यावर याच वर्षाचा शिक्का.

सासूबाईंचा हात थांबला. त्यांनी रुमालाकडे पाहिलं, डिस्ककडे पाहिलं, मग माझ्याकडे. फार वेळ नाही. तेवढ्यात त्यांना सगळं कळलं होतं. मी मान खाली घातली.

"मावशी," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "हे कुणासाठी आलंय? धंद्यासाठी मागवलं असेल तर तसं सांगा. मग तुमचा संबंध नाही. ज्यांचं गॅरेज आहे त्यांच्यावर कारवाई होईल, गॅरेजला सील लागेल."

आता बोल, मी स्वतःला म्हणत होतो. दोन शब्द तर बोलायचे होते, 'माल माझा'. पण गॅरेज डोळ्यांपुढे येत होतं, आत अडकलेल्या तीन गाड्या, बँकेचे हप्ते. सगळं दिसत होतं. शेजारी बसलेली बाई तेवढी दिसत नव्हती.

"माझंच आहे," सासूबाई म्हणाल्या. "मीच मागवलं. विकणार होते."

"तुम्ही?"

"हो. जावयांना यातलं काही माहीत नाही. ते नुसते मला घेऊन आलेत."

मॅडमनी कागद पुढे केला. सासूबाईंनी चष्मा लावला आणि तेच सगळं स्वतःच्या हाताने लिहून दिलं. सुंदर, सरळ ओळीत. खाली सही. मी शेजारी बसून ते वाचत होतो. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या खुर्चीवर समजलं.

ड्यूटी, कर आणि दंड मी त्यांच्या हातात दिला, त्यांनी खिडकीत भरला. पावती त्यांच्या नावाची. मॅडम म्हणाल्या, "यापुढे तुमच्या नावाचं प्रत्येक पार्सल इथे उघडलं जाईल, मावशी. दर वेळी समक्ष यावं लागेल."

"प्रत्येक?" एवढंच त्यांनी विचारलं.

घरी बायकोला त्यांनी सांगितलं, कागदात घोळ होता, मिटला. जेवताना मला आधी वाढलं, नेहमीसारखं. पण त्या दिवसापासून 'जावईबापू' बंद झालं. त्याऐवजी दुसरं काही आलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी मला हाक मारणंच सोडलं. त्या डिस्क मी गिऱ्हाइकाच्या गाडीला लावल्या, गाडी झकास थांबते.

दोन महिन्यांनी नातवाचं खोकं आलं. पुन्हा तेच पत्र्याचं टेबल, तेच हातमोजे. सासूबाई उभ्या राहून बघत होत्या. मॅडमनी शर्टाच्या शिवणी चाचपल्या, फोटोंचं पाकीट फाडलं, मलमाचं झाकण उघडून वास घेतला. मग पोराचे बूट निघाले. इवलेसे, टाचेकडे झिजलेले.

"हे वापरलेले आहेत?"

"हो. नातवाचे. पाय वाढला त्याचा."

मॅडमनी फडक्याने बुटाचा तळ घासून पाहिला. काळं निघालं नाही, झीज खरी होती. तरी त्यांनी दुसराही घासला. सासूबाई टेबलाची कड धरून उभ्या होत्या. आयुष्यभर लोकांचे डाग काढलेल्या त्या बाईवर असा संशय माझ्यामुळे आला होता.

माझ्या खिशात तीन आठवडे एक कागद होता. माल माझा, नाव मी वापरलं, त्यांना काहीच माहीत नव्हतं, असं त्यात लिहिलं होतं. सासूबाई टेबलाच्या त्या टोकाला कपड्यांच्या घड्या घालत होत्या, तेव्हा मी तो मॅडमपुढे ठेवला. तीन आठवड्यांचं धैर्य लागलं त्याला. सील तर सील.

मॅडमनी सगळा वाचला. मग तसाच घडी करून परत दिला.

"मला तेव्हाच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "पण त्यांनी सहीनिशी लिहून दिलंय, की माल त्यांचा आणि तुम्हाला काही माहीत नाही. हे मी घेतलं तर ते खोटं ठरतं. मग खोटा जबाब दिल्याची दुसरी केस, तीही त्यांच्यावरच. बोलायची वेळ त्या दिवशी होती, साहेब."

साहेब म्हणाल्या त्या मला. त्यापेक्षा शिवी परवडली असती.

मी खोकं उचललं. पायऱ्या उतरताना सासूबाईंनी गुडघ्यामुळे माझा दंड धरला. कितीतरी दिवसांनी. गाडीपाशी आलो तेव्हा त्या समोर बघतच म्हणाल्या, "तो कागद फाडून टाका. माझ्या नावावर एकच खोटं राहू दे."

मी दार उघडून दिलं. त्या मागच्या सीटवर बसल्या, मांडीवर बूट घेतले आणि रुमालाने मॅडमच्या फडक्याचे धागे त्यांवरून पुसत राहिल्या.