बेकरीतली चिलटं

बेकरीवाल्याने काउंटरवरचा पेला उचलून उजेडात धरला. आत एकही चिलट मेलेलं नव्हतं. काठावर मात्र चार-पाच आरामात बसली होती, लग्नाच्या पंगतीला आल्यासारखी.

"पावात मनुके घालायला लागलात का?" पाव घ्यायला आलेला शिंपी काचेच्या कपाटाकडे बघत म्हणाला. "पण मनुके उडताना पहिल्यांदाच बघतोय."

"भाऊजी, तुमच्या कात्रीने पंख कापून द्या त्यांचे," बेकरीवाल्याची बायको म्हणाली. शिंपी हसत गेला. पण आज त्याने एकच पाव नेला, हे दोघांनीही पाहिलं.

"व्हिनेगर घातलंय, साबणाचा थेंबही घातलाय," ती म्हणाली. "वासाने उतरतात आणि बुडतात, असं सगळे सांगतात. ही मेली शहाणी दिसतात."

तिने पेला नाकाशी नेला. "चांगलं कडक आहे की." आणि होता तिथे ठेवला.

ती पुढे झाडायला गेल्यावर त्यानेही हुंगून पाहिलं. नुसतं साबणाचं पाणी. फळीवर दोन सारख्याच बाटल्या होत्या, एक व्हिनेगरची, दुसरी पावावर शिंपडायच्या पाण्याची. तो उकिडवा बसून कोपरे धुंडाळू लागला. मैद्याच्या डब्यामागे केकसाठी आणलेली केळी काळी पडून पाझरत होती. जन्मभर धुरात काढलेल्या त्याच्या नाकालासुद्धा तो वास सोसेना. आणि तिने सकाळी तिथेच केर काढला होता.

तो तसाच उकिडवा बसून राहिला.

भट्टीला काच नव्हती. काउंटरवरून ती "काढा" म्हणायची आणि तो ट्रे ओढायचा. घड्याळ चुकेल, हिचं नाक चुकणार नाही, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. अलीकडे पावांची बुडं करपत होती. त्याने भट्टीला शिव्या घातल्या, दुरुस्तीवाल्याला दोनदा बोलावून त्याच्याशीही भांडला. जिच्या नाकावर दुकान उभं राहिलं, तिच्याशी हा विषय काढायचा तरी कोणत्या तोंडाने?

केळी त्याने मागच्या दाराने टाकून दिली. डबे पुसले. पेल्यातलं पाणी ओतून व्हिनेगर भरलं, वर साबणाचा थेंब सोडला. दुपारपर्यंत आत चिलटांचा थर साचला.

"बघा, म्हटलं नव्हतं?" ती म्हणाली.

"तुझंच खरं."

संध्याकाळच्या पावांना तो हाकेवर विसंबला नाही. भट्टीपाशी उभा राहून स्वतःच वास घेऊ लागला. आधी ओल्या पिठाचा, मग दुधासारखा गोडसर, मग खरपूस. आता. त्याने खांद्यावरच्या फडक्याला हात घातला.

"काढा," काउंटरवरून हाक आली.

त्याच्या जिवात जीव आला. म्हणजे नाक शाबूत आहे. तरी खात्रीसाठी पुढच्या ट्रेला त्याने फडकं मुद्दाम लवकर उचललं. पाव अजून कच्चे होते.

"काढा," ती म्हणाली.

तो वळला. पावाच्या पुड्याला दोरा गुंडाळता गुंडाळता ती दारातून त्याच्याकडे बघत होती. त्याच्या तोंडाकडे नाही, हाताकडे. किती महिने बघत असेल? आणि तो तर हात बांधून तिच्या आवाजाची वाट बघत उभा राहायचा. दोघं एकमेकांच्या भरवशावर, आणि पाव करपत होते.

"काढलेत का?" तिने विचारलं. आवाज जरा बारीक झाला होता.

"नाही गं. घाम पुसायला घेतलं फडकं." त्याने खरोखरच कपाळ पुसलं.

तिने मान खाली घातली आणि बांधलेल्या पुड्याला आणखी एक गाठ मारली.

तो दोन पावलं सरकला, काउंटरवरून हात नीट दिसेल अशा बेताने उभा राहिला. खरपूस वास भरून आला तेव्हा त्याने फडकं सावकाश उचललं, आणि तिची हाक येईपर्यंत भट्टीच्या दाराला हात लावला नाही.