स्वच्छ हातांचा फिटर

कुमासी शहरातल्या मॅगझिन या गॅरेजांच्या वस्तीत गाड्या दुरुस्त करणारे फिटर ढिगाने, पण संध्याकाळी घरी जाताना बँकेतल्या साहेबासारखे हात घेऊन निघणारा एकच, अमोआतेंग. बाकीचे काळ्या बोटांनीच केंकीचा, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा, गोळा मोडायचे आणि तेच हात गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. अमोआतेंग मात्र काम आटपलं की टिनपाटात पेट्रोल ओतून घ्यायचा आणि कोपरापर्यंत हात चोळत बसायचा. नखं, बेचक्या, मनगटं, काही म्हणून सोडायचा नाही. शेजारचा बादू फिटर त्याला पाद्री म्हणायचा. आज प्रवचन कुठं, म्हणून रोज विचारायचा. अमोआतेंग वरवर चिडायचा, पण मनातून त्याला ते आवडायचं.

हे वेड काही त्याचं जन्मजात नव्हतं बरं का. ते सासूबाईंनी लावलेलं. सगळे त्यांना मामे, म्हणजे आई, पोकुआ म्हणत. बाजारात त्यांचं पांढऱ्या कापडाचं दुकान. गावातली निम्मी बारशी त्यांच्या ताग्यांवर व्हायची. फिटर जावई म्हटल्यावर त्यांनी असं काही नाक मुरडलं होतं की विचारू नका. शेवटी लेकीच्या हट्टापुढे नमल्या, पण लग्नाच्या बैठकीत सगळ्यांदेखत बजावलं, "पोरगी देते. पण तुझ्या बोटाचा ठसा माझ्या कापडावर उमटला, तर त्याच दिवशी तिला परत नेईन."

अमोआतेंगचा बायकोवर, सेरवावर, जीव. त्याने सासूबाईंचा शब्द आपल्या परीने पाळला. सेरवाला दिवस गेले तेव्हा तो आणखीच काटेकोर झाला. कामाचा डगला रोज पेट्रोलमध्ये भिजवून खोलीच्या कोपऱ्यात ठेवायचा, आणि सकाळी सेरवा, पोट सांभाळत, तो पिळून वाळत घालायची. डाग गेला, की दोघांना कसं धन्य वाटायचं.

मग लेक झाली, ओहेमा. आठव्या दिवशी बारशाला आजीने पांढऱ्याशुभ्र कापडात गुंडाळलेली नात जावयाच्या हातात दिली आणि डोळ्यांत तेल घालून कापडाकडे बघत राहिली. एक ठिपका नाही. बाई हिरमुसली असावी, असं बादूचं म्हणणं.

पुढे आजीने नातीला एक खेळच लावून दिला. पापा घरी आला की ओहेमा दारात उभी राहायची. त्याचे दोन्ही पंजे उलटे-सुलटे करून बघायची, नाक लावून वास घ्यायची. पेट्रोलचा वास आला की पसंत, मगच कडेवर. नाही आला, तर दाराआड आजीने ठेवलेल्या पेट्रोलच्या बाटलीकडे बोट. वाड्यातली माणसं कौतुकाने बघायची. पोरगी किती शहाणी, किती टापटिपीची!

चार वर्षांची होत आली आणि पोरीला तापाने धरलं. आधी हिवताप म्हणाले. मग अंगावर निळे डाग उठायला लागले, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तळवे कागदासारखे पांढरे पडले. मोठ्या हॉस्पिटलात नेलं, तिथं तपासण्या झाल्या आणि रक्ताचा कॅन्सर निघाला. सेरवा खाली जमिनीवरच बसली.

सासूबाईंनी निदान आधीच करून ठेवलं होतं. घाण. कितीही धुतलं तरी फिटरच्या घरात घाण ही यायचीच. बिचाऱ्या अमोआतेंगलाही ते पटलं. तो दुप्पट धुवायला लागला. खिशात पेट्रोलची छोटी बाटली ठेवायचा, वॉर्डात शिरायच्या आधी भिंतीआड जाऊन हात चोळायचा आणि मगच लेकीला उचलायचा. ती वास घ्यायची, मान हलवायची आणि त्याच्या खांद्यावर डोकं टाकायची. सगळ्या दिवसातली तेवढी एकच वेळ ती रडायची नाही.

नर्सच्या नाकाला तो वास गेला आणि डॉक्टर अफ्रियेबाईंनी तिघांना बोलावून घेतलं. काम काय करता, म्हणून विचारलं. अमोआतेंगने सांगितलं आणि न विचारताच दोन्ही हात टेबलावर पसरले. त्याला वाटलं, इथंही परीक्षाच आहे. बाई काही बोलायच्या आत सासूबाई पुढे सरसावल्या. एवढ्या वर्षांत जावयाविषयी एक बरा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नव्हता, तो त्या दिवशी निघाला.

"डॉक्टर, याच्यात काय वाटेल ती खोट काढा, पण ह्या बाबतीत नाही. पेट्रोलने हात धुतल्याशिवाय याने पोरीला कधी बोट लावलेलं नाही. बाटली मी स्वतः ठेवलीय दाराआड."

अमोआतेंगचा ऊर भरून आला. सासूबाईंनी आपली बाजू घेतली!

डॉक्टरबाईंनी ते हात बघितले. मग हळू आवाजात बोलायला लागल्या. पेट्रोलच्या वाफेत काय असतं, ते कातडीतून, श्वासातून कसं आत जातं, हाडांत जिथं रक्त तयार होतं तिथं काय करतं, आईच्या पोटात असल्यापासून लेकराला ते कसं पोचू शकतं. सेरवा स्वतःच्या हातांकडे बघायला लागली. तेच हात डगला पिळायचे.

"म्हणजे मीच केलं?" अमोआतेंगने विचारलं.

"तसं मी म्हणणार नाही. एका लेकराला कशाने झालं, ते कुणालाच सांगता येत नाही. असंच करणाऱ्या कितीतरी जणांची पोरं ठणठणीत आहेत. धोका वाढतो, एवढंच कळतं. आजपासून साबण आणि पाणी. काळं राहिलं तर राहू द्या."

त्याने नाहीच केलं, असंही बाई म्हणाल्या नाहीत, हे तिघांच्याही ध्यानात आलं. बाहेर आल्यावर अमोआतेंगला बादूची आठवण झाली. हात धुण्यापायी पेट्रोल घालवायला मी काय वेडा आहे, असं तो म्हणायचा. त्याची सहा पोरं वस्तीत धिंगाणा घालत हिंडत होती. अमोआतेंगला त्या पोरांचा राग आला आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

काम सोडून चालणार नव्हतं, औषधं चालू होती. दुसऱ्या दिवशी तो मॅगझिनहून वॉर्डात आला तो साबणाने हात घासघासून. कातडी सोलवटली, पण नखांतलं आणि रेषांतलं काळं हललं नाही. ओहेमाने पंजे उलटे केले, सुलटे केले. वास घेतला.

"घाण," ती म्हणाली. "जा, धुऊन ये."

त्याने समजावलं, सेरवाने समजावलं. पोरीने तोंड भिंतीकडे फिरवलं. औषधांनी केस गेलेलं ते एवढंसं डोकं समोर होतं, पण अमोआतेंगला हात पुढे करायचा धीर होईना. तेव्हा मामे पोकुआ उठल्या. त्यांनी जावयाचा पंजा धरला आणि आपल्या अंगावरच्या पांढऱ्या कापडावर, छातीशी, दाबून धरला. उचलला तेव्हा पाचही बोटं उमटली होती.

"बघ गं बाई, आजीला चालतं."

ओहेमाने वळून त्या ठशाकडे पाहिलं. सुरुवातीपासून शिकलेलं ती कशी विसरणार!

"आजी, तूपण घाण झालीस," ती म्हणाली. "दोघं जा. धुऊन या."

दोघं बाहेर नळावर आली. सासूबाई कापडाला साबण लावत होत्या. डाग पसरत चालला होता. त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं आणि जावयाकडे न बघता विचारलं, "ती बाटली आहे का रे खिशात?"

"फेकली, मामे."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या, आणि तो डाग तसाच चोळत राहिल्या.

"पापा, धुतले का?" आतून आवाज आला.

"धुतोय गं," अमोआतेंग म्हणाला, आणि तिला ऐकू जावं म्हणून नळ मोठा सोडला.